सांगलीतल्या "एका वर्षात नर्स" वाल्या इन्स्टिट्यूटचा रिव्ह्यू (अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी वाचा)

रेटिंग ५ पैकी १. तो एक पण रिसेप्शनवरच्या पोरीला आहे, इन्स्टिट्यूटला नाही, का ते पुढं येईलच.

नाव लिहीत नाही. एक तर वकिलाची नोटीस नको आणि दुसरं म्हणजे नाव सांगून उपयोग पण नाही, असली दुकानं बोर्ड बदलून पुढच्या सीझनला विट्यात नाहीतर कराडात उघडतात. त्यामुळं नाव शोधत बसण्यापेक्षा तिथं गेल्यावर काय बघायचं आणि काय विचारायचं तेवढं घ्या.

मी स्वतः जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा केलेली नर्स. आमच्या वेळी साडेतीन वर्षं करायला लागायची, २०१५ च्या नव्या सिलॅबसनंतर तीन वर्षांचं झालं. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आता रिटायर होऊन विश्रामबागला घरीच असते, त्यामुळं नात्यात कुणाच्या पोरीला नर्सिंगला घालायचं निघालं की फोन मला. या वेळी जतच्या चुलतभावाचा आला, आक्का सांगलीत प्रॅक्टिकल नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, लगेच नोकरी, पुढं अमेरिका कॅनडा पण होतंय म्हणालेत, तू जरा पोरीला घेऊन बघून ये की. पोरगी बारावी आर्ट्स, मार्क बऱ्यापैकी, इंग्लिशमध्ये पास, आणि खरंच मनापासून नर्सच व्हायचंय. म्हणलं चल.

कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली मोबाइलचं दुकान, वर जिम. आत गेल्यावर एसी गार, सोफा चांगला, भिंतीवर पांढऱ्या ड्रेसमधल्या हसऱ्या पोरींचा मोठा बॅनर आणि मागं विमान. आणि एक अख्खी भिंत फ्रेम लावलेल्या सर्टिफिकिटांनी भरलेली. बाहेरगावचा माणूस ती भिंत बघूनच निम्मा गार पडतो. मी चष्मा लावून एकेक वाचत बसले. एक आयएसओ, एक उद्यम, एक ट्रस्ट रजिस्ट्रेशन, एक शॉप अ‍ॅक्ट, आणि मधोमध सगळ्यात मोठी फ्रेम नीती आयोगाची. आता उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, ती पापडाच्या धंद्यालाबी मिळते आणि घरबसल्या मिळते. शॉप अ‍ॅक्ट खालच्या मोबाइलवाल्याकडं पण आहे. ट्रस्ट रजिस्टर असणं म्हणजे एवढंच की धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अशी एक संस्था कागदावर आहे. नीती आयोगवालं म्हणजे दर्पण नावाचं पोर्टल आहे, सामाजिक संस्था तिथं आपली माहिती भरतात आणि एक नंबर मिळतो, त्याचा कोर्सला मान्यता देण्याशी काडीचा संबंध नाही. सगळी कागदं खरी असतील, नाही म्हणत नाही. पण नर्सिंग शिकवायची परवानगी देणारा एकही कागद त्या भिंतीवर नव्हता.

मग आत काउन्सेलर म्हणून एक टाय घातलेला पोरगा. बोलायला गोड. ताई तुम्ही टेन्शनच घेऊ नका, आपली गव्हर्नमेंट रजिस्टर्ड संस्था आहे. म्हणलं कुठं रजिस्टर? दिल्लीला. दिल्लीला कुठं? तर फाईल उघडून तीच नीती आयोगाची झेरॉक्स. म्हणलं बाळा ते राहू दे, मला दोनच गोष्टी सांग, परीक्षा कोण घेतं आणि कोर्स झाल्यावर पोरीचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला चढतंय का.

इथं त्याचा चेहरा बदलला. म्हणला, कौन्सिलची गरजच पडत नाही ताई, प्रायव्हेट हॉस्पिटलवाले आपल्या पोरी डायरेक्ट उचलतात.

बास. खरं तर रिव्ह्यू इथंच संपतो. पण कौन्सिल म्हणजे काय हेच बऱ्याच पालकांना माहीत नसतं म्हणून सांगते. आपल्याकडं नर्स व्हायचे सरळ रस्ते तीनच, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. एएनएम जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विद्यापीठ नाहीतर अभिमत विद्यापीठ असेल तर त्यांची ते. पास झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी, ती १९६६ च्या नर्सेस कायद्याखाली, आणि ती झाली की मग नावापुढं आरएन आरएम म्हणजे रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ लागतं, एएनएमला आरएएनएम. देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिल, ती १९४७ च्या कायद्यानं, आणि २०२३ ला संसदेत नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा पास झालाय तो जुन्याची जागा घेणारा. तुम्हाला एवढं सगळं पाठ करायची गरज नाही, रजिस्ट्रेशन होणार का नाही एवढं धरा. झेडपीची आरोग्यसेविकेची भरती निघाली की एएनएम आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागतात, सिव्हिलला स्टाफ नर्सची निघाली तरी तेच, परदेशात जायचं तरी पहिला कागद तोच. ते नसेल तर पोरगी वीस वर्षं वॉर्डात राबली तरी कागदावर ती नर्स नाहीच, पगार देताना मालक हेच तोंडावर मारतो, आणि उद्या पेशंटचं काही बरंवाईट झालं तर बिनरजिस्टर म्हणून पहिली तीच अडकते. मिरजेत हे डोळ्यानं बघितलंय.

आणि प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा नावाचा कोर्स त्या यादीत नाहीच. पुढं अमेरिकेचा विषय काढला तर म्हणतो, ताई अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सला लय मागणी आहे, एका वर्षाचाच कोर्स असतो तिथं पण, आपला सेम सिलॅबस आहे. आता हे निम्मं खरं, आणि माणूस निम्म्या खऱ्यालाच फसतो. माझ्या जुन्या जोडीदार सिस्टरची मुलगी टेक्सासला आहे, तिला रात्री फोन लावून सगळं विचारलं. तिकडं लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स असते, एलपीएन म्हणतात, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिलाच व्होकेशनल नर्स, कोर्स साधारण वर्षाचा आणि काम आरएनच्या हाताखाली. पण शाळेला त्या त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी लागते, कोर्सनंतर एनक्लेक्स-पीएन परीक्षा पास व्हायला लागते, मगच लायसन्स. टेक्सासचं बोर्ड तर कुठल्या शाळेच्या किती पोरी पहिल्या झटक्यात पास झाल्या त्याचे टक्के उघड वेबसाइटवर टाकतं आणि ८० च्या खाली गेली की शाळेला जाब द्यायला लागतो. आपल्याकडं अशी सोय झाली तर निम्म्या संस्था गणपतीच्या आत बंद पडतील. तर सांगलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कागदाला तिकडं विचारतंय कोण? आपल्या इथल्या ज्या पोरी जातात त्या बहुतेक जीएनएम बीएस्सी करून, इथलं रजिस्ट्रेशन घेऊन, आरएनच्या परीक्षेला बसून जातात.

आणि तिकडं पण सगळं आलबेल नाही बरं. जानेवारी २०२३ ला फ्लोरिडातलं मोठं प्रकरण बाहेर आलं, ऑपरेशन नाइटिंगेल नावानं, तीन शाळांच्या नावावर ७६०० च्या वर बोगस नर्सिंग डिप्लोमे विकले, २५ जणांवर गुन्हे. त्यात प्रॅक्टिकल नर्सचे पण कागद होते. म्हणजे अमेरिकेचं नाव आलं म्हणून गार पडायचं कारण नाही.

परत आपल्या दुकानात येऊ. म्हणलं लॅब दाखव. दाखवली, नाही म्हणायला जागा नव्हती. दोन बेड, एक फुल साइज डमी, ड्रिप स्टँड, त्या ड्रिप स्टँडला कुठल्या तरी फंक्शनचा बॅनर लटकवलेला. ट्रॉलीवर स्टीलचे ट्रे एकात एक, स्टिकर न काढलेले. इंजेक्शन शिकायचा रबरी हात असतो बघा, शीर शोधून सुई घालायची प्रॅक्टिस करायचा, तो मी हातात घेतला आणि उजेडाला धरून फिरवून बघितला. एक टोचल्याची खूण नाही! अहो चालू शाळेतला तो हात बघा, कोपराच्या आतली बाजू चाळणी झालेली असते, पाणी गळतं, आमच्या ट्यूटर बाई चिकटपट्टी लावून लावून वापरायच्या. हा नवाकोरा, आणि संस्था म्हणे सहा वर्षं जुनी. भाचीला म्हणलं हात लावून बघ, आणि पुढं कुठंबी गेलीस तरी आधी हेच मागून बघ.

बीपीचं मशीन उचललं तर कफच्या आत कागद अजून तसाच घडी केलेला. शिकवतंय कोण विचारलं तर "व्हिजिटिंग फॅकल्टी" आहेत, आज आल्या नाहीत. प्राचार्य? मीटिंगला गेलेत. केसबुक दाखवा म्हणलं, मागच्या बॅचच्या एखाद्या पोरीचं, कारण खरी शाळा असेल तर पोरींनी स्वतः केलेल्या डिलिव्हरीच्या केसेस, मेडिसिन सर्जरीच्या पेशंटच्या केअर प्लॅन, सगळं हातानं लिहून वर इनचार्ज सिस्टरची सही असलेल्या वह्यांचा ढीग असतो, ठेवायला जागा पुरत नाही. इथं म्हणे ऑनलाइन असतंय सगळं.

त्यांचा मोठा दावा टायअपचा. बऱ्याच हॉस्पिटलांची नावं छापलेला कागद दिला. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमच्या शाळेला १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि एका विद्यार्थिनीमागं तीन पेशंट असा हिशेब धरतात. म्हणजे साध्या गणितानं ४० ची एक बॅच, तीन वर्षांच्या १२० पोरी, त्यांना ३६० पेशंट. सगळ्या एकदम वॉर्डात नसतात हे मान्य, म्हणून शाळा दुसरी हॉस्पिटलं पण जोडून घेतात, पण अंदाज येतो ना. ह्यांच्या यादीतलं पहिलंच हॉस्पिटल माझ्या माहितीचं, खाटा डझनभर. दुसरं मोठं होतं मिरजेतलं, तिथं ओळखीची मेट्रन म्हणजे नर्सांची मुख्य आहे, तिला विचारलं तर ती हसायलाच लागली, म्हणली सिस्टर ह्या संस्थेची एक पोरगी माझ्या वॉर्डात कधी उभी राहिली नाही, आमचं नाव कसं टाकलं मलाच माहीत नाही. तुमची मेट्रनशी ओळख नसली तरी हे जमतं. सकाळी ड्युटी बदलायच्या टायमाला हॉस्पिटलच्या गेटवर थांबा, शाळा खरी असेल तर युनिफॉर्ममधल्या पोरी घोळक्यानं आत जाताना दिसणारच, एखादीला थांबवून विचारा बाळा कुठल्या शाळेची, कोण शिकवतंय, हॉस्टेलला जेवण कसं आहे. पोरी खोटं बोलत नाहीत, जेवणाबद्दल तर अजिबात नाही.

आता ती रिसेप्शनवरची. काउन्सेलर फोनवर बाहेर गेला तेव्हा मी तिला सहज विचारलं, तू काय शिकलीस गं. म्हणली हाच कोर्स केलाय मावशी, दुसऱ्या बॅचला. मग हॉस्पिटलला का नाही? दोन ठिकाणी गेले, रजिस्ट्रेशन नंबर मागितला, नाही म्हणल्यावर आया मावशीचं काम देतो म्हणले, त्यापेक्षा इथं बसते. आणि हळूच म्हणली, हिला जीएनएमलाच घाला. एक स्टार तिचा. तिची नोकरी जाऊ नये म्हणून पण नाव लिहीत नाही.

फी सांगितली ६५ हजार, आजच भरली तर ५५, उद्या ऑफर संपणार. पावती कशाच्या नावानं विचारलं तर कॅश भरली तर साधी पावती देतो म्हणला, आणि बारावीचं ओरिजिनल मार्कलिस्ट आणि दाखला आजच ठेवून जा, सीट लॉक होते. हे दोन्ही कधी करू नका. ओरिजिनल एकदा अडकलं की पोरगी अडकली, मग ते कागद सोडवायला अख्ख्या वर्षाची फी मागतात, असल्या केसेस नात्यातच झाल्यात.

आम्ही उठलो तर शेवटचं अस्त्र काढलं. ताई तुम्हाला रजिस्ट्रेशनच पाहिजे ना, मग कर्नाटकातलं कॉलेज देतो, जीएनएम, हजेरीला जायची गरज नाही, फक्त परीक्षेला जायचं, बाकी तिकडं आपली सेटिंग आहे. कर्नाटकात चांगली कॉलेजं पुष्कळ आहेत, मिरजेच्या हॉस्पिटलात तिकडून शिकून आलेल्या उत्तम सिस्टर आहेत आणि दुसऱ्या राज्यातलं रजिस्ट्रेशन इकडं वर्ग करून घेता येतं. पण वॉर्डात न जाता नर्सिंग? बेसिक नर्सिंग डिस्टन्सनं होतच नाही, कुणी सांगत असेल तर सरळ उठून या. सलाईन कसं लावायचं हे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून येणारी पोरगी उद्या माझ्याच उशाशी उभी राहणार, मला नको बाई.

एक गोष्ट न्यायानं सांगायला पाहिजे. सहा महिन्याचे वर्षाचे बेडसाइड असिस्टंट, जनरल ड्युटी असिस्टंट असले कोर्स सगळेच फसवे नसतात, कौशल्य विकासाखाली सरकारमान्य पण असतात, आणि पुण्यामुंबईला घरी पेशंट सांभाळायच्या कामाला त्यांना मागणी आहे. ज्या पोरीला लगेच चार पैसे मिळवायचेत तिनं जरूर करावा. पण तो असिस्टंटचा कोर्स म्हणून सांगा, असिस्टंटच्या हिशेबानं फी घ्या, नर्सचा बॅनर आणि विमान कशाला लावता?

दुसऱ्या दिवशी भाचीला मिरजेकडच्या एका जीएनएम शाळेत घेऊन गेले, प्रायव्हेटच. बिल्डिंग जुनी, रंग उडालेला, सोफा नाही, बाकडं. ऑफिसात क्लार्कनं न मागता मान्यतेच्या पत्राची कॉपी पुढं टाकली, त्यात कोर्स, सीटची संख्या आणि वर्ष तिन्ही होतं. हे तिन्ही बघायचं, कारण काही ठिकाणी एएनएमची मान्यता असते आणि जीएनएमच्या नावानं पोरी भरतात, काही ठिकाणी मान्यता जुनी असते आणि यंदाची नाही, तर काही ठिकाणी ४० सीटवर ६० जणी घेतात आणि वरच्या वीस जणींना परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी कळतं. पत्र आणि कौन्सिलच्या वेबसाइटवरची यादी दोन्ही समोर ठेवून ताळा करा, नावातल्या स्पेलिंगसकट, कारण नामांकित शाळेसारखंच नाव घेऊन एखादा शब्द पुढंमागं केलेल्या संस्था असतात. तिथल्या प्राचार्य बाईंनी आम्हाला पाच मिनिटांच्या वर वेळ दिला नाही, बोलणं पण तुटक, सीट मेरिटनं भरणार आणि आज काही सांगता येणार नाही म्हणल्या. बाहेर व्हरांड्यात ट्यूटर एका पोरीला अंबाड्याची जाळी लावली नाही म्हणून झापत होती. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. भाची जरा घाबरली, पण तिलाच म्हणलं इथं कुणी तुला ताई ताई करत नाही म्हणजे त्यांना गिऱ्हाईक नको आहे. तक्रार एवढीच की मेस आणि युनिफॉर्मचे पैसे फीमध्ये धरलेले नाहीत, ते आधी लिहून मागा, वर्षाला चांगला आकडा होतो, आणि पाण्याची सोय उन्हाळ्यात बेताची आहे असं पोरीच म्हणाल्या.

आणखी एक खात्रीचा उपाय म्हणजे बँक. एज्युकेशन लोन घ्यायचं नसलं तरी जवळच्या सरकारी बँकेत जाऊन ह्या शाळेला लोन देता का एवढं विचारा, ते मान्यतेचं पत्र मागतात. दुकानवाले लोनचं नाव काढलं की आमचंच हप्त्यावर फायनान्स आहे म्हणतात, तिथं समजून जायचं. बीएस्सीला असेल तर अ‍ॅडमिशन सीईटी सेलमधून होतं आणि प्रायव्हेट कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती त्यांच्या वेबसाइटवर बघून मगच पैसे मोजा. सरकारी शाळेची फी तर या सगळ्यापुढं किरकोळ, त्यामुळं आधी सांगली नाहीतर साताऱ्याच्या सिव्हिलला जाऊन अधिसेविका ऑफिसमध्ये चौकशी करा, आणि प्रायव्हेट त्यानंतर.

भाचीचं आता सरकारी आणि ती मिरजेकडची असे दोन्ही फॉर्म भरायचं ठरलंय. आर्ट्स असल्यामुळं बीएस्सीचा प्रश्न नाही, त्याला सायन्स लागतं, जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्लिश पास पाहिजे आणि ४० टक्के. जतवरून कागद गोळा करायला वेळ लागतो म्हणून भावाला आत्ताच सांगून ठेवलंय, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, मेडिकल फिटनेस, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स आणि ओरिजिनलची फाईल वेगळी. सेतूत जून जुलैला गर्दी मरणाची असते, त्याच्या आधी काढा. आणि त्या दुसऱ्या मजल्यावर फॉर्मचे म्हणून ५०० रुपये घेतले ते परत मागितले तर नॉन रिफंडेबल आहेत म्हणाले, पावतीवर शिक्का पण नाही.